लीलाकाकूंची कळशी आणि दहा मिनिटांची फिल्म

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मीरा रोडला शांती नगरात आमच्या सोसायटीच्या गणपतीत एका संध्याकाळी टेबलावर टीव्ही ठेवून दहा मिनिटांची विनोदी फिल्म दाखवली… आणि माझं डोकं असं फिरलं की मी आरतीलाही थांबले नाही.

फिल्म तळमजल्यावरच्या जिग्नेशभाईंची. ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. बिल्डिंगमध्ये चार भाषा, म्हणून संवाद नव्हते, नुसतं म्युझिक.

तेव्हा पाणी टँकरने यायचं. सकाळी बादल्या रांगेत लावून आम्ही घरात कामाला जायचो. बादली उभी म्हणजे माणूस उभं! फिल्ममध्येही माणसं नव्हतीच, फक्त बादल्या. बादलीवरून घर ओळखू येत होतं. आमची सुतळी बांधलेली हिरवी बादली दिसली तेव्हा मीही हसले.

मग आली लीलाकाकूंची पोचे पडलेली पितळी कळशी. काकू आमच्या शेजारी एकट्या राहायच्या, गुडघ्यांनी बेजार. दर शॉटला कळशी मागे मागे… पहिली, तिसरी, सहावी. शेवटी टँकर रिकामा आणि पाइपातून कळशीत एकच थेंब. टप्प!

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. वळून वळून आमच्याकडे बघत होते. माझ्या शेजारी काकू तोंडाला पदर लावून बसलेल्या, खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत…

अर्धी कळशी पाण्यावर दिवस काढणाऱ्या बाईची चेष्टा? सकाळी मी जिग्नेशभाईंच्या दारात. "शरम नहीं आती? बूढ़ी औरत पे हँसाते हो? कॅसेट दो मुझे, अभी के अभी!"

"भाभी, पहले बैठो तो," ते शांतपणे म्हणाले. "आपने कळशी देखी. अब कोना देखो."

त्यांनी कॅसेट लावली. कॅमेरा खिडकीच्या ग्रीलमागे, बादल्यांच्या उंचीवर. रोज सकाळी तीच जागा, तीच फ्रेम. बाकी सगळं स्थिर असलं की डोळा हलणाऱ्या वस्तूमागेच जातो, म्हणून मी फक्त कळशी पाहिली होती. पण डाव्या कडेने हात येत होते, कोपरापर्यंतच. कळशी जरा सरकवायची, आपली बादली पुढे. ॲक्टिंग कोणाचीच नाही… सगळं खरं.

एक अंगठीवाला हात. एक बांगड्यांचा. मग त्यांनी पॉज दाबलं.

तिसऱ्या हातात मनगटाला मोठं होणारं जेन्ट्स घड्याळ होतं. माझ्या बाबांचं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तसं घड्याळ घालणारी बाई एकच…

मी शाळेत शिकवायचे, सकाळची बस गाठायची घाई. एकच नंबर, काय होतंय? केलेलं आठवतही नव्हतं. कॉन्व्हेंटात सिस्टरनी रांगेत एक हात अंतर ठेवायला शिकवलेली मी, वर्गात पोरांना तेच शिकवत होते. आणि लोक वळून बघत होते ते काकूंकडे नाही, माझ्याकडे.

तशीच काकूंकडे गेले. मनगटावरचं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं.

"अगं, मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "पायरीवर बसलं की सगळं दिसतं. काल इतकी हसले, पोट दुखलं! तुझा तो हात… दुधाकडे मांजर येतं तसा येतो गं!"

"मग बोलला का नाहीत?"

"त्या अंगठीवाल्याला बोलायची छाती नाही माझी. मग तुला एकटीलाच काय बोलायचं?"

त्या हसत होत्या आणि मला स्वतःचा इतका राग आला… आज इतक्या वर्षांनीही तो पुरता गेलेला नाही. तो जाऊ नये असंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी कळशी पहिली होती. तिच्यामागे मी हिरवी बादली ठेवली आणि टँकर येईपर्यंत तिथेच उभी राहिले, अंगठीवाल्याकडे रोखून बघत. बस चुकली. काकूंची कळशी काठोकाठ भरली, तेव्हा मी जिग्नेशभाईंच्या खिडकीकडे वळून घड्याळाचा हात वर केला… हा पण शॉट घ्या.