कुसुमअक्का आणि पाण्याची वाट

शिरपूरच्या आमच्या शाळेत कुणी घरूनच मीठ लावलेली काकडी डब्यात आणली, की कुसुमअक्का तो डबा तिरका करून तळाला साचलेलं पाणी दाखवायच्या. "हे काकडीच्या पेशींतलं. याला कुणी ढकललं नाही. जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी आपणहून जातं." त्या जीवशास्त्र शिकवत, मी भूगोल. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती.

त्यांचे यजमान, नाना, भडगावला केळीची शेती बघत आणि बरेच दिवस तिकडेच राहत. रक्तदाबासाठी त्यांना रोज एक गोळी असे, तिनं लघवीवाटे मीठ जायचं. एकदा मे महिन्यात ते दिवसभर उन्हात राबले आणि नुसतं पाणी पीत राहिले. संध्याकाळी बोलणं असंबद्ध झालं, मग झटका आला.

जळगावच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा अक्का बाकावर ताठ बसल्या होत्या. "रक्तातलं मीठ उतरलंय," त्या म्हणाल्या. "पाणी मेंदूच्या पेशींत शिरलंय." आवाज वर्गातलाच होता.

खारं सलाइन थेंबाथेंबानं चाललं होतं. नानांचा धाकटा भाऊ वैतागला. "वहिनी, डॉक्टर इतलं हायू, थेंब थेंब का दी ऱ्हायना? बठ्ठं एकदम सोडी द्या म्हना."

"नाही भाऊ. एकदम दिधं ते पेशीसमधलं पाणी बाहेर ओढाई जाई, त्या आकसी जातीन. हायूच देनं पडी."

तो गाडीतलं सामान आणायला खाली गेला. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळी फोनवर मीच सांगितलं होतं, ऊन फार आहे, पाणी पीत राहा." मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

नाना शुद्धीवर आलेच नाहीत. ते गेले तेव्हा अक्कांनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि दिराला गाडीचं बघायला सांगितलं. त्यांना रडताना मी पाहिलं नाही, तेव्हाही आणि नंतरही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पेशीचा धडा आला. मी व्हरांड्यातून जात होते. आत एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पाणी शिरतच राहिलं तर पेशी फुटते का?"

"वनस्पतीची नाही फुटत," अक्का म्हणाल्या. "तिला भिंत असते." फळ्याकडे वळत त्यांनी पुढं सांगितलं, "आपल्या पेशींना नसते."

मग त्या फळा पुसू लागल्या. फळा कोरा झाला तरी हात थांबेना. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी आत गेले आणि त्यांच्या हातातलं डस्टर घेतलं. त्यांनी ते सहज दिलं.

"तास संपला का?" त्यांनी मला विचारलं.