जास्वंदीच्या पुडीतली मधुमालती

देवीसमोर खोटं टिकत नाही, असं माझी आई म्हणायची. माझं टिकलं. नुसतं टिकलं नाही, लोकांनी त्याला हात जोडले. आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, भजनी मंडळात ती गोष्ट आजही सांगितली जाते: सुमनताईंनी देवीपुढे जास्वंदाचं फूल बांधून ठेवलं आणि सकाळी पुडीतून मधुमालती निघाली, मुक्या जनावरासाठीसुद्धा देवीनं कौल दिला. मंडळात नवीन कोणी आलं की माझ्याकडे बोट दाखवतात, हे काका तेव्हा तिथंच होते म्हणून. मी मान हलवतो. यंदा मंडळानं सगळ्यांकडून एकेक अनुभव लिहून मागितला, तेव्हा शेजारच्या वंदनाताई म्हणाल्या, "तुमचा तर ठरलेलाच आहे, भाऊजी. फक्त कागदावर उतरवा." म्हणून बसलो आहे. अनुभव खरा आहे. पण जसा सांगितला जातो तसा तो घडला नाही, आणि जसा घडला तसा सांगायची मला आजवर लाज वाटली.

मी कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर कोराडी रोडवरच घर बांधलं. देवाधर्माचं खातं सुमनकडे, म्हणजे माझ्या पत्नीकडे. मी आरतीला उभा राहायचो, टाळ्या वाजवायचो आणि मनात दुसरंच काही चाललेलं असायचं. गुंड्या आमच्याकडे आला तो मुलामुळे. मुलानं पुण्यात हौसेनं पाळलेला तो पग जातीचा कुत्रा, चपट्या नाकाचा, डोळे बाहेर आलेले, झोपला की माणसासारखा घोरणारा. मुलाला परदेशी नोकरी लागली आणि गुंड्या आमच्या वाट्याला आला. मला नको होता. पण सुमन दिवसभर त्याच्याशी बोलायची, भाजी निवडताना, दिवा लावताना, आणि मुलाचा फोन आला नाही की जरा जास्तच. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की या घरात तिच्या बोलण्याकडे कान देणारा तोच एक आहे. मी ऐकतो तो पेपर वाचता वाचता.

तर एकदा गुंड्या मांजरीमागे धावत कुंपणाच्या कोरांटीत घुसला आणि उजवा डोळा मिटूनच बाहेर आला. डोळ्यातून पाणी, लाली. सुमन म्हणाली डॉक्टरला दाखवू. मी म्हणालो, उतरेल आपोआप. नेमकं त्याच सुमारास माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि थेंबांची अर्धी बाटली फ्रिजच्या दारात उरली होती. माझा लाल डोळा त्या थेंबांनी कसा निवळला होता ते मला आठवत होतं. सुमननं माझी नजर ओळखली. "तुमचे थेंब त्याच्या डोळ्यात घालू नका हं, सांगून ठेवते. मुकं जनावर आहे, त्याले सांगताही येत नाही." मी म्हणालो, "मी काय वेडा आहे?" आणि दुपारी ती भजनाला गेली की मी गुंड्याला मांडीवर घेऊन थेंब घालायचो.

पहिल्या दिवशी लाली खरोखर कमी झाली. मला वाटलं, बघा, उगाच डॉक्टर डॉक्टर करतात. मग बुबुळावर धुरकट ठिपका दिसू लागला. मी थेंब वाढवले. ठिपका वाढला, डोळ्यावर निळसर पांढरी साय धरली, आणि एका संध्याकाळी गुंड्या दाराच्या चौकटीवर आपटला. सुमन जमिनीवर बसून त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून रडली. मी बाटली कचऱ्यात टाकली, वर चहाचा चोथा टाकला, आणि तिच्यासमोर येऊन विचारलं, "काय झालं गं?" हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं हे ठरलं. प्रश्न राहिला कोणाकडे. वंदनाताई आवाज ऐकून आल्या होत्या. त्यांच्या मांजरीचा डोळा एका बाईंनी वाचवला होता. त्या शहरात असतात, जनावरांचे फक्त डोळे बघतात. "काहून विचार करून राहिले, भाऊजी? मी गाडी काढतो सकाळी, सुमनलेही घेऊ. माझ्या राणीचा डोळा लिंबासारखा सुजला होता, आता उंदीर दिसत नाही असं एकच नाटक करते." मी म्हणालो, आपले नेहमीचे डॉक्टर काय वाईट आहेत? चौकापलीकडे दवाखाना, गुंड्याला ओळखतात, मी स्कूटरवर घेऊन जाईन, सगळ्यांनी कशाला जायचं. आणि ते डॉक्टर खरंच चांगले होते, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. मला फक्त एकट्यानं जायचं होतं. कुठलाही डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार, आधी काय घातलं होतं? आणि त्या वेळी सुमन शेजारी उभी नको होती.

आमचा वाद मिटेना तेव्हा सुमन म्हणाली, "देवीले विचारू." तिच्या माहेरी, कुहीकडच्या खेड्यात, अशी रीत आहे. पळसाच्या पानांच्या दोन सारख्या पुड्या करायच्या, एकीत पांढरं फूल, दुसरीत लाल. रात्रभर देवीपुढे ठेवायच्या आणि सकाळच्या आरतीनंतर निष्पाप जिवाच्या हातून एक उचलायची. तिनं अंगणातली तगर आणि जास्वंद आणली. पांढरं निघालं तर नेहमीचे डॉक्टर, लाल निघालं तर डोळ्यांच्या बाई. पुड्या दोऱ्यानं बांधून देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर ठेवल्या आणि ती वंदनाताईंना फाटकापर्यंत पोचवायला गेली. दोघी फाटकाशी बोलत राहिल्या.

तेवढा वेळ मला पुरला. मी एक पुडी सोडली, ती नेमकी जास्वंदाची निघाली. जास्वंद खिशात घातलं. आता पांढरं फूल हवं होतं, पण तगरीचं झाड सुमननं संध्याकाळच्या पूजेला सगळं खुडलं होतं, उरलेलं एकच फूल दुसऱ्या पुडीत गेलं होतं. मागच्या दाराशी मधुमालतीचा वेल आहे, मी त्याखाली स्कूटर लावतो. त्याच्यावर नुकतीच उमललेली पांढरी फुलं दिसली. पानांवर वीज केंद्राची नेहमीची राख होती. एक फूल तोडलं, धोतराला पुसलं, पुडीत घातलं, तसाच दोरा बांधला. आता कुठलीही पुडी उचलली तरी पांढरंच निघणार होतं. देवीकडे मी पाहिलं नाही. रात्री झोप लागली हे सांगायला मला वाईट वाटतं, पण लागली.

सकाळी आरती झाली. घरात लहान मूल नव्हतं. सुमन म्हणाली, "ज्याचा डोळा, त्यानंच सांगावं," आणि पाट देव्हाऱ्यापासून दूर सरकवून गुंड्याला पुढं केलं. वंदनाताई गाडीची किल्ली हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. "अवं, कुत्र्याले कौल लावून राहिली का?" "सोवळं-ओवळं देवी पाहून घेईल," सुमन म्हणाली. गुंड्यानं एक डोळा मिटून दोन्ही पुड्या हुंगल्या, शिंकला, आणि एका पुडीवर हनुवटी टेकवून बसून राहिला. मी मनात म्हणालो, बस बाबा कुठेही, सारखंच आहे.

सुमननं दोरा सोडला. पानात गडद गुलाबी, लालाकडे झुकलेलं फूल होतं. "बाई!" ती ओरडली, "मी तर जास्वंद बांधलं होतं!" वंदनाताईंनी चपला काढून आत येऊन हात जोडले. सगळ्या लेआउटमध्ये गेलेली गोष्ट ती एवढीच, त्या क्षणाची. पुढचा क्षण वंदनाताईंनी पाहिला नाही, कारण त्यांचे डोळे मिटलेले होते. सुमननं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पांढरं ठेवलं होतं. स्वतःच्या हातानं पुसून ठेवलं होतं. फूल देवीच्या पायाशी ठेवून ती म्हणाली, "पांढरं तर नाही ना हे? मग चला."

गाडीत गुंड्या माझ्या मांडीवर होता. वंदनाताई मोठ्यानं जगदंबेचं नाव घेत गाडी चालवत होत्या आणि मधे मधे ट्रकवाल्यांवर खेकसत होत्या. सुमन खिडकीबाहेर बघत होती. मी इतकी वर्षं देव नुसता मानत होतो, त्या रस्त्यावर पहिल्यांदा मला वाटलं की कोणीतरी आपल्याला पाहिलं आहे. भीती वाटली, आणि त्या भीतीच्या तळाशी एक प्रकारची सुटकाही होती. आता लपवायला जागाच उरली नव्हती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गुंड्याच्या डोळ्यात एक रंग सोडला, खोलीतला दिवा घालवला आणि निळा उजेड धरला. बुबुळावरची जखम हिरवीगार चमकली, इतकी मोठी की मला मान फिरवावी लागली. "साधा ओरखडा इतका खोल जात नाही," त्या म्हणाल्या. "आधी काही घातलं होतं का?" सुमन गुंड्याचं डोकं धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं ती मुद्दामच पाहत नव्हती. मी म्हणालो, "माझे मोतीबिंदूचे थेंब. रोज. हिनं नको म्हटलं होतं तरी." आणि मग म्हणालो, "फूलही मीच बदललं." डॉक्टरीणबाईंना फुलाचं काही कळलं नाही. वंदनाताई बाहेर बाकावर होत्या. जिला कळायचं तिला कळलं.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, ते औषध तुमच्यासाठी बरोबर होतं. त्यात स्टिरॉइड असतं. उघड्या जखमेवर ते पडलं की जखम भरत नाही, बुबुळ विरघळायला लागतं. आणखी पडलं असतं तर डोळा फुटला असता. सांगितलंत हे बरं केलंत, आता मला माहीत आहे कशाशी झगडायचं." त्यांनी गुंड्याचंच रक्त काढलं, त्यातलं वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं आणि त्याचेच थेंब त्याच्या डोळ्यात घालायला दिले. गळ्याभोवती प्लास्टिकचा कर्णा बांधला. डोळा वाचेल की नाही, हे त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर सुमननं गुंड्याला गोधडीवर निजवलं. मीच शेवटी म्हणालो, "सकाळीच काहून नाही विचारलं मला?"

"विचारलं असतं तर तुम्ही अजून एक खोटं बोलले असते. तुमच्या नावावर आणखी एक कशाले चढवू?"

"पण सुमन, मी पांढरं ठेवलं होतं गं. देवाशपथ पांढरं होतं."

तेव्हा ती हसली. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. "मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, सकाळी गुलाबी होते, मग लाल. रोजच होते. इतकी वर्षं त्या वेलाखाली स्कूटर लावून राहिले तुम्ही, कधी मान वर करून पाहिलं नाही?"

आता वाचणारे म्हणतील, मग यात देवीचं काय? मलाही तो प्रश्न पडला होता. वेलाचा तो स्वभाव, कुत्र्याचं ते नाक. गुंड्यानं तीच पुडी निवडली, कारण कदाचित तिला माझ्या हाताचा ताजा वास होता. सगळ्याला कारण सापडतं. पण तगरीचं झाड त्याच संध्याकाळी रिकामं का होतं, आणि अंगणात इतकी झाडं असताना माझा हात त्याच वेलाकडे का गेला, याचं कारण मी शोधत नाही. सुमनला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वेल रोजच रंग बदलतो. त्या दिवशी तुमच्यासाठी बदलला." मला एवढं पुरतं. मंडळातल्या बायांना वाटतं देवीनं आमची प्रार्थना ऐकली. खरं तर तिनं माझी लबाडी ऐकली, आणि शिक्षा न करता ती वाया घालवली. सुमननं माझं नाव राखण्यासाठी इतके दिवस तोंड मिटलं. तिचं ते ओझं आज मी काढून घेतो. वंदनाताई, हे मंडळात वाचून दाखवा, काही गाळू नका.

गुंड्याचा डोळा वाचला. त्यावर तगरीच्या पाकळीएवढा पांढरा डाग राहिला आहे, तेवढ्या बाजूचं त्याला अंधुक दिसतं. डोळा कोरडा पडू नये म्हणून रोज थेंब घालावे लागतात, डॉक्टरीणबाईंनी दिलेले. ते काम मी मागून घेतलं. पहिल्या दिवशी बाटली हातात घेतली तेव्हा मला वाटलं, हा आता माझ्याजवळ येणार नाही. याच हातांनी, याच मांडीवर मी त्याचा डोळा जाळला होता. तो घोरत झोपला होता. बाटलीचं झाकण वाजलं, तसा उठला, डुलत डुलत आला, माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली आणि मान वर केली. डोळा उघडा ठेवून.

शरण जाणं म्हणजे काय, हे मी पुष्कळ कीर्तनांत ऐकलं. मला ते तेव्हा दिसलं. हल्ली थेंब घालून झाले की मी मागच्या दाराशी जातो, वेलाखाली उभा राहतो, आणि गुंड्यासारखी मान वर करतो.