टायमिंग बेल्टवरच्या पांढऱ्या रेघा

पोळ्यानंतरचा रविवार. ठरलेली रक्कम चार हजार दोनशे रुपये. त्यात गाडीचा नवा टायमिंग बेल्ट, त्याला ताण देणारं बेअरिंग आणि नऊशे रुपये मजुरी. हजर आम्ही चौघं: मी, बायको, खुर्चीत पाय लांब करून बसलेली आई आणि मिस्त्री. जागा आमच्या फुलचूरच्या घराचं अंगण.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन नागपूरला झालं होतं आणि सोमवारी तिथंच टाके काढायचे होते. बसमध्ये तिला बसवत नव्हतं. गाडी सोळा वर्षांची, डिझेलवरची. आदल्या दिवशी मिस्त्रीनं इंजिनाचं झाकण काढून बेल्टला पडलेल्या चिरा दाखवल्या होत्या.

"हा वाटेत तुटला तं वॉल्व्ह पिस्टनवर आपटतीन. इंजिन खतम," तो म्हणाला. "अन् बसवताना एक दात जरी सरकला तरी तेच."

हे 'एक दात' माझ्या डोक्यात बसलं. बेल्ट ज्या तीन दातेरी चाकांवर फिरतो त्या पुल्यांच्या खुणा जुळवून त्यानं नवा बेल्ट चढवला, तेव्हा मी बायकोची नेलपॉलिश आणली आणि प्रत्येक खुणेसमोर बेल्टवर पांढरी रेघ ओढली. म्हणजे नंतर तपासता येईल.

मग त्यानं मोठ्या पान्यानं इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलं. पुल्यांच्या खुणा जिथल्या तिथं आल्या. माझ्या रेघा मात्र भलतीकडेच गेल्या होत्या.

"बेल्ट सरकला," मी म्हणालो.

"नाई सरकला, भाऊ."

"मग रेघा कुठं गेल्या?"

तो वाकून बघत राहिला. "तुमी काऊन रंगवला जी?" एवढंच म्हणाला. पण त्याचाही चेहरा पडला होता, आणि त्यामुळे मी जास्त घाबरलो. मी त्याला सगळं खोलायला लावलं. पुन्हा खुणा, पुन्हा बेल्ट, पुन्हा माझ्या नव्या रेघा, पुन्हा दोन फेरे. रेघा पुन्हा पसार.

आई म्हणाली, "तुमचं खेळून झालं असन तं सांगा. मी आत जाऊन पडतो."

बायको पुढे येऊन बेल्टकडे वाकली. ती म्हणाली, "सायकलचं पायडल वर आलं म्हणून चेनची तीच कडी वर येते का? बेल्टचा घेर पुलीहून मोठा आहे. खुणा पुल्यांच्या बघायच्या."

"मी हेच सांगून राहिलो ना कवापासून!" मिस्त्री म्हणाला. त्यानं असं एकदाही सांगितलं नव्हतं.

बायकोचं म्हणणं मी कागदावर मांडून पाहिलं. कागदावर बरोबर निघालं. बेल्टकडे पाहिलं की परत चुकीचं वाटे. किल्ली फिरवायला माझा हात होईना, तेव्हा मिस्त्रीनंच फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आवाज नेहमीसारखाच की थोडा वेगळा, हे मला ठरवता आलं नाही.

मी पैसे पुढे केले. त्यानं हात मागे घेतला.

"आता नको. नागपूरहून आले का द्या."

हा त्याचा भरवसा होता की शंका? सोमवारी नागपूरला जाताना सबंध रस्ता मी हाच विचार करत चाललो. साकोलीजवळ एका ट्रकच्या मागं गाडी खडखडली तेव्हा मी ती बाजूला घेऊन थांबवली. आई म्हणाली, "ट्रकचा आवाज आहे तो. चाल." टाके निघाले. संध्याकाळी आम्ही त्याच गाडीनं घरी आलो, आणि बेल्टवर भरवसा बसला नसताना का आलो हे मला अजूनही पुरतं सांगता येणार नाही.

आईला पलंगावर निजवून मी मिस्त्रीकडे गेलो. ठरलेले चार हजार दोनशे, शिवाय माझ्यामुळे दुसऱ्यांदा खोलावं लागलं त्याचे नऊशे. वरच्या नऊशेंना तो नाही म्हणेल असं वाटलं होतं. त्यानं दोनदा मोजले आणि खिशात घातले. एकूण पाच हजार शंभर रुपये, रोख, मिस्त्रीला.