वॉलरसांचा राखणदार केउल्कुत

केउल्कुतच्या पायाला भिंगरी होती. चहासुद्धा तो दारात उभा राहून प्यायचा, नजर खालच्या किनाऱ्याकडे. उन्हाळा सरता सरता समुद्रातला बर्फ दूर जातो आणि वॉलरसांचा कळप आमच्या गावाखालच्या किनाऱ्यावर येऊन पडतो. त्यांची राखण आणि मोजदाद केउल्कुतकडे. एवढी अवाढव्य जनावरं, पण काळीज सशाचं. जरा मोठा आवाज झाला की सगळी पाण्याकडे धावतात आणि पिल्लं खाली चिरडली जातात. एका साली विमानाच्या घरघरीनं तसंच झालं. मेलेली पिल्लं मोजताना हा माणूस ढसाढसा रडला होता.

म्हणून कळप असेपर्यंत गावानं कुजबुजत जगायचं. कुत्री डोंगराआड बांधायची, होड्या इंजिन बंद करून वल्ह्यांनी आणायच्या. कुणी शिंकलं तरी केउल्कुतचं बोट ओठांवर. त्याची बायको पानाउगे चारचौघांत म्हणायची, "तिथं डासालाही गप्प करतो, आणि घरात भांडी आपटतो मेला!"

मग एका वर्षी कळप किनाऱ्यावर असतानाच त्यांची मुलगी ओम्रिना बाळंतपणात अडली. मी गावची नर्स. रात्रभर कळा येऊनही मूल खाली सरकेना, तेव्हा शहरातून हेलिकॉप्टर मागवलं. ते उतरतं किनाऱ्यालगतच्या सपाटीवर, कळपाच्या अगदी डोक्यावर. डोंगरापलीकडेही जागा आहे, पण तिथवर बाईला उचलून न्यायचं म्हणजे जिवाशी खेळ.

वायरलेसवर पायलटनं विचारलं, "कुठं उतरू?"

केउल्कुत खोलीत येरझाऱ्या घालत होता. थांबला, आणि म्हणाला, "किनाऱ्यावर. सरळ किनाऱ्यावर ये."

खाटेवरून ओम्रिना म्हणाली, "नाही बाबा. डोंगरापलीकडे."

"गप्प बस! तुझ्यापुढं मला वॉलरस नकोत."

"आज नकोत. उद्या परत जाऊन पिल्लं मोजशील, आणि जन्मभर माझ्या पोराकडे बघून तेच आठवशील. नर्सबाई, मला नेता येईल ना?"

मला खरंच सांगता येत नव्हतं. तरी मी हो म्हणाले, आणि पायलटला डोंगरापलीकडे उतरायला कळवलं.

गावातल्या चौघांनी वॉलरसच्या कातड्याला काठ्या बांधल्या आणि तिला उचललं. ज्यांना केउल्कुतनं वर्षानुवर्षं दटावलं, तेच आता दगडावर पाय वाजू नये म्हणून जपत होते. ओम्रिनानं बाही दातांत धरली होती. केउल्कुत पुढं पळायचा, मागं यायचा, पुन्हा पुढं.

चढावरच्या हिसक्यांनी असेल, मूल सरकलं. खिंड ओलांडून पलीकडे उतरलो तोच कातडं खाली ठेवायला लावलं मी. मुलगी झाली. निळसर, आणि आवाज नाही. मी तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. मागोमाग आलेल्या पानाउगेनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

आणि केउल्कुत ओरडला. "ओरड गं! ओरड माझे आई! ओरड!" कुत्री भुंकायला लागली. तो गुडघ्यांवर बसून पोरीच्या तोंडाशी ओरडतच राहिला.

मग ती रडली. आधी बारीक, मग चांगली टाहो फोडून.

हेलिकॉप्टर आलं, मायलेकींना घेऊन पलीकडूनच गेलं. कळपात थोडी चुळबुळ झाली, एवढंच.

पोर घरी आली तेव्हा कळप अजून किनाऱ्यावरच होता, आणि तिचा घसा बापरे! पानाउगे म्हणाली, "आता हिला गप्प करून दाखव, राखणदार."

केउल्कुतनं उठून फक्त खिडकी लावून घेतली. "रडू दे तिला," तो म्हणाला, आणि चहा घेऊन पहिल्यांदाच खाली बसला.