ओढ्यापलीकडचा मतदार

आमदार निधीतून आलेल्या सिमेंटच्या बाकाशेजारी आबा खाली जमिनीवर बसायचे. वेल्ह्यात तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे, बाक अगदी दारात. "आबा, वर बसा की," म्हटलं तर बाकाच्या पाठीवर रंगवलेल्या नावाकडे हनुवटी उडवायचे. "पैसा आपला, नाव त्यांचं. म्या न्हाई बसायचा."

असा एखादा म्हातारा तुमच्याही गावात असेल आणि तुम्ही त्याला टाळत असाल. मीही टाळायचो, खोटं कशाला बोलू? दर सोमवारी एकच अर्ज: आमच्या वस्तीच्या ओढ्यावर साकव बांधून द्या. पायी जाण्यापुरता पूल, बास. पावसाळ्यात ओढा फुगला की वस्ती तुटायची. आई आजारी पडली तर पलीकडे न्यायची कशी, म्हणून आबांच्या मुलाने तिला पुण्याला नेलं होतं. साकव झाला की आणून सोडतो, असं तो बोलून गेला आणि आबा ते धरून बसले.

साकव काही आला नाही. आधी बाकं आली, मग व्यायामाची यंत्रं, मग वस्तीच्या तोंडाशी भली मोठी स्वागत कमान. वस्तीत उघडी घरं दोन! कमानीच्या उद्घाटनाला वडीलधारे म्हणून नारळ आबांच्या हातात दिला, तर त्यांनी तो सगळ्यांदेखत पिशवीत टाकला. "साकव झाला की फोडीन." पुढच्या सोमवारी मी विचारलं, नारळ आहे ना जपून?

"खाल्ला. नासला असता की. सरकारी पैसा वाया घालवायचा न्हाई."

एका खर्चावर मात्र ते कधी बोलत नसत. मतदानाला पुण्यातली माणसं आणायला उमेदवार जीप पाठवायचे. त्या जीपमधून आबांची बायको यायची, एका दिवसापुरती. "तेवढं बराय," म्हणायचे आणि चक्क लाजायचे.

गेल्या निवडणुकीला जीप आली, पण त्यातून ती उतरली नाही. दुसऱ्या दिवशी आबा दुकानात आले आणि मला मतदारयादी काढायला लावली. बोट फिरत फिरत त्यांच्या स्वतःच्या नावाशी थांबलं.

"हितं असायची. माज्या खाली."

"मुलाने नाव पुण्याच्या यादीत नेलं असेल, आबा," मी बोलून गेलो. जीभ झडली का नाही माझी, असं अजून वाटतं.

मी घाईघाईने नेहमीचा अर्ज कॉम्प्युटरवर उघडला. "आजची तारीख टाकू?"

"नगं," ते म्हणाले. "आता कुणासाठी मागू?"

त्यानंतर ते आले नाहीत. तो अर्ज मी अजून काढून टाकलेला नाही.