एवेलिओच्या आवाजासाठी आठ दिवस

नेरेइदाबाईंनी आमच्या सांक्ती स्पिरितुस शहरातल्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता शेजारीण. त्यांचा धाकटा भाऊ एवेलिओ रेडिओवर बेसबॉलचं समालोचन करायचा. नसांच्या आजारात आधी त्याची वाचा गेली, मग हातपाय. उरलं फक्त उजव्या हाताचं एक बोट. बाईंच्याच यानिएल नावाच्या विद्यार्थ्याने त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहून दिला होता. पडद्यावर एकेक अक्षर पुढे सरकायचं, हवं ते आलं की एवेलिओ बोटाने बटण दाबायचा आणि जुळलेले शब्द कॉम्प्युटर बोलायचा. पुढे यानिएल स्पेनला गेला.

मार्चमध्ये गेलेली वीज अशी जोरात परत आली की कॉम्प्युटर जळाला. पेन ड्राइव्हवर मूळ कोड तेवढा होता. चुलतभावाने दिलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो नव्याने कम्पाइल करायचा होता, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा होता. बाई कामाला बसल्या आणि पहिल्याच फटक्यात पडदाभर दोनशे चुका आल्या.

"बाई, हे आपल्याला नाही जमायचं," मी म्हणाले.

"नववीतही तू हेच म्हणायचीस."

घरी इंटरनेट नव्हतं, ते चौकातच मिळायचं, म्हणून आम्ही तिकडे गेलो. तिथून यानिएलशी बोलणं झालं.

"बाई, सगळ्या चुका वाचू नका. फक्त पहिली बघा. बाकीच्या तिच्यामुळेच आलेल्या असतात."

पहिली चूक एका हरवलेल्या फाइलची निघाली. ती मिळाल्यावर चाळीस उरल्या. मग कळलं, आवाजाची लायब्ररी, म्हणजे बोलण्यासाठी प्रोग्रॅम ज्याचा आधार घेतो तो तयार कोड, नवी आहे आणि यानिएलचा कोड तिच्या जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेला आहे. जुनी आवृत्ती चौकातून उतरवून आणली, आधी ती कम्पाइल केली, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. सहाव्या दिवशी प्रोग्रॅम एकही चूक न दाखवता तयार झाला. चालवला, तर म्हणे लायब्ररी सापडत नाही. बाई टेबलावर डोकं टेकून रडल्या.

"घरात आहे गं ती. याला कुठल्या खोलीत ते माहीत नाही."

प्रोग्रॅमला त्या फोल्डरचा पत्ता नीट सांगण्यात आणखी दोन दिवस गेले.

आठव्या दिवशी बाईंनी एवेलिओचं बोट बटणावर ठेवलं. बोट पुरतं मंदावलं होतं. तो दाबेपर्यंत अक्षर पुढे सरकायचं. बाईंनी कोडमधला एका सेकंदाचा थांबा चार सेकंदांचा केला आणि प्रोग्रॅम पुन्हा कम्पाइल केला. बऱ्याच वेळाने आवाज आला, "ताई, इकडे बघ."

त्यानंतर तो नऊ दिवस बोलला. मग बोटही थांबलं. मे महिन्यात तो गेला.

"त्याच्यासाठीच करत होता ना तुम्ही," मी एकदा म्हणाले.

"त्याचं बोट हलत होतं तेव्हा आठ दिवस मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते, मिर्ता. ते काही मला सांगू नकोस."

ऑगस्टमध्ये जवळच्या त्रिनिदाद गावाहून एक बाई आली. तिच्या नवऱ्याला तोच आजार होता. नेरेइदाबाईंनी एका दुपारी तिच्या लॅपटॉपवर सगळं चढवून दिलं. आवाज तपासायची वेळ आली तेव्हा मला म्हणाल्या, "तू ऐक," आणि कपडे वाळत घालायला अंगणात गेल्या.