बरणी जुनी, चिठ्ठी नवी

आमच्या मासे-सर्वेक्षणाचे किस्से जमायला नदीत पाणी लागत नाही, वरिष्ठ पुरतात! पहिल्याच दिवशी माझ्या गाईड सरांनी बजावलं, "थोरल्या सरांच्या यादीतलं नाव खोडायचं नाही. का, ते विचारायचं नाही." थोरले सर म्हणजे सरांचे सर. सिंदफणा नदीतल्या माशांची जुनी यादी त्यांची. ते रिटायर झाले, यादी झाली नाही.

* * *

यादीत 'वाम' आणि 'बाम' असे दोन मासे. जाळं टाकणारे किसनमामा हातात सापासारखा लांब मासा धरून खो खो हसले. "ताई, एकच हाय की! आमी वाम म्हनतो, पल्याडचे बाम म्हनत्यात."

मी लगेच सरांना फोन लावला.

सर म्हणाले, "मग दोन्ही काठांवरून एकेक धर!"

* * *

एका डोहाच्या जागी नुसती वाळू. चपलेतूनही पाय भाजत होते. सर जीपमधूनच ओरडले, "पाण्याचं तापमान लिही!"

"कुठल्या पाण्याचं?"

"मागच्या वेळच्या!"

* * *

यादीतले सात मासे वर्षभरात जाळ्यात आलेच नाहीत. सरांनी कपाटातून थोरल्या सरांच्या बरण्या काढल्या. आत फॉर्मॅलिनमध्ये पिवळे पडलेले मासे. "चिठ्ठी नवी लाव. तारीख आजची."

मामांनी बरणी उजेडात धरली. "ह्यो तर माझ्या बापानं धरलेला असल!"

मी हसले. मामा हसले नाहीत. "कागदावर मासे हायेत म्हनल्यावर नदीकडं कशाला बघंल कोनी? वाळू उपसनारे ट्रॅक्टरवाले तर लई खूश व्हतील."

* * *

शेवटची बैठक. थोरले सर, आमचे सर, दोन जुने प्राध्यापक, चहा. अहवालावर सही फक्त माझी बाकी, कारण नदीत उतरले होते मी.

थोरले सर म्हणाले, "कर सही, मुली. तुझ्या जन्माआधी आम्ही हे मासे मोजलेत."

"तेच मासे आहेत, सर. अगदी तेच! मी सही करणार नाही."

मी पिशवीतून सात बरण्या काढून टेबलावर मांडल्या. सातही बरण्यांत त्या डोहातली वाळू. चिठ्ठीवर खरी तारीख, नावाची जागा कोरी.

"यादी तुमची आहे, सर. ओळखा, आणि नावं लिहा."

थोरल्या सरांनी एक बरणी उचलली, चष्मा वर सारून डोळ्यांजवळ नेली, हलवली.

पेन मी त्यांच्यापुढेच ठेवलं होतं. टोपण कुणीच काढलं नाही.